बिनकागदाची ट्रायल बाइक ऑफिसला न्यायची?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो, वय ३४, इथलं कारचं लायसन्स आहे. १९७०च्या दशकातली यामाहा टीवाय १७५ ही ट्रायल बाइक (दगडधोंड्यांतून तोल सांभाळत चालवायची गाडी) १,५०० पौंडांना मिळतेय. दिवे काढून टाकलेत, कागद हरवलेत. हॉर्न, स्पीडोमीटर, नंबर प्लेट, टायर मिळून ७०० पौंड घातले की रस्त्यावर आणता येईल. एरवी ऑफिस, सुट्टीला डोंगर. बसचे महिना ७८ पौंड वाचतील. विम्याचं कोटेशन वर्षाला १९० पौंड. शिल्लक ६,००० पौंड, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ३८,००० रुपये. घेऊ का?

उत्तर: ही गाडी घेऊ नका. ट्रायल बाइक घ्यायला माझी ना नाही.

आधी बसचा हिशोब. दिवे नसलेली गाडी उजेड असेल तेव्हाच चालवता येते. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की तुमच्याकडे पाचच्या आतच अंधार पडतो, डिसेंबरात तर पावणेचारलाच सूर्य मावळतो. म्हणजे वर्षातले पाच महिने तुम्ही बसमध्येच. उरलेल्या सात महिन्यांत वाचले ५४६ पौंड. त्यातून विमा वजा केला की ३५६. पेट्रोल, टू-स्ट्रोकचं ऑइल, चेन हे सगळं धरून हाती २०० उरले तरी २,२०० पौंड वसूल व्हायला अकरा वर्षं. शिवाय ही गाडी उभ्याने चालवायची. सीट नावापुरती, टाकी छोटी, गिअरिंग दगड चढण्यासाठी. गाड्यांच्या रांगेत रोज तिच्यावरून जाणं हौशी माणसालाही महिन्याभरात नकोसं होईल.

आता लायसन्स. कारच्या लायसन्सवर सीबीटी, म्हणजे दुचाकीचं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण, केलं तरी १२५ सीसीपर्यंतच मुभा, तीही शिकाऊ चालकाची एल प्लेट लावून दोन वर्षं. ही १७१ सीसीची. तिच्यासाठी पूर्ण परीक्षा द्यावी लागेल: थिअरीचे २३, प्रात्यक्षिकाच्या मॉड्यूल एकचे १५.५० आणि मॉड्यूल दोनचे ७५ पौंड, वर प्रशिक्षणाचे काही शे. हा खर्च तुमच्या ७०० पौंडांत कुठेच दिसला नाही.

खरी मेख कागदांत आहे. व्ही५सी म्हणजे आपल्या आरसी बुकासारखा दस्तऐवज. जुना नंबर ठाऊक असेल तर २५ पौंड भरून व्ही६२ फॉर्मवर नवी प्रत मागता येते. नंबरच माहीत नसेल तर डीव्हीएलए या इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे नव्याने नोंदणी: मान्यताप्राप्त क्लबकडून गाडीच्या वयाचा दाखला, व्ही५५/५ फॉर्म, ५५ पौंड शुल्क. फी किरकोळ आहे, पण महिने जाऊ शकतात. आणि फ्रेम नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर गाडीही गेली, पैसेही गेले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला असा प्रकार होईल. विकणारा स्वतः ते कागद का काढत नाही, एवढं त्याला जरूर विचारा. कागद असलेल्या गाडीला तो नक्कीच जास्त किंमत घेऊ शकला असता.

जुन्या गाडीचा फायदा आहेच. चाळीस वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवली की रोड टॅक्स शून्य आणि एमओटी ही वार्षिक तपासणीही लागत नाही. पण हा फायदा व्ही५सी असलेल्या होंडा टीएल १२५ वरही मिळतो. तीही ट्रायल बाइकच, चार-स्ट्रोक, आणि सीबीटीवर चालवता येईल अशी. दिवे शाबूत असलेली शोधा. हजारभर पौंड जास्त पडले तरी मी तीच घ्या म्हणेन, कारण उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळेल.

मात्र आत्ता नको. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी, शोधावा लागतो, आणि पुण्याची बँक त्यासाठी हप्ता थांबवणार नाही. त्यामुळे त्या ६,००० पौंडांना हात लावू नका. बसचा पास चालू ठेवा, दरमहा २०० पौंड वेगळ्या खात्यात टाका. त्यातून आधी सीबीटी करा, साधारण वर्षभराने गाडी. ही हौस आहे, तिला हौसेच्याच खात्यात धरा. घरच्यांनाही तेच सांगा, बसभाड्याची सबब देऊ नका.

पैसे देण्यापूर्वी फ्रेमवरचा नंबर व्ही५सीशी स्वतः ताडून बघा आणि सहीची पावती घ्या. व्ही५सीवर नाव आहे म्हणून तो माणूस मालक ठरत नाही, तसं त्या कागदावरच छापलेलं असतं.