दमास्क गुलाबाचं ३०० रुपयांना १५ मिली मिळणारं तेल खरं असतं का? घरी काढता येईल का?

३०० रुपयांत १५ मिली? शक्यच नाही. त्या बाटलीत गुलाबाच्या वासाचं रसायन असणार, फार तर गुलाबासारख्या वासाच्या जिरेनियम या झाडाचं तेल. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात आणि या गुलाबाला बहर वर्षातून एकदाच. उत्तर प्रदेशात तो मार्च-एप्रिलमध्ये येतो. फुलं पहाटे खुडायची. ऊन चढलं की वास उडालाच.

माझा अत्तरांचा छोटा धंदा आहे, त्यामुळे उत्तर प्रदेशातल्या कनौज या अत्तरांच्या गावी जाणं-येणं असतं. तिथे अजून देग-भपका चालतो. देग म्हणजे फुलं उकळायचं भांडं, भपका म्हणजे वाफ जमा होते ते. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकणाच्या फटीला कापूस-मातीचा लेप, आणि तिथून बांबूचा चोंगा (नळी) थेट पाण्याच्या टाक्यात ठेवलेल्या भपक्यात. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ थंड होते आणि वास त्या तेलात मुरतो, हे झालं गुलाबाचं अत्तर. कारागीर भपक्याला हात लावून आच कमी-जास्त करतो. चंदन परवडेना म्हणून आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल घालतात. गिऱ्हाइकाला सांगत मात्र नाहीत!

तुम्हाला चेहऱ्यासाठीच हवं असेल तर तेलाचा नाद सोडा, चांगलं गुलाबजल घ्या. गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे ऊर्ध्वपातनात त्याचा बराचसा भाग तेलात न राहता पाण्यात जातो. हेच हातचं जाऊ नये म्हणून परफ्यूमवाले सॉल्व्हंटने काढलेला दाट अर्क म्हणजे अ‍ॅब्सोल्यूटही वापरतात. लेबलवर ‘रोझा डॅमासिना फ्लॉवर वॉटर’ आहे का बघा. नुसतं ‘अ‍ॅक्वा, फ्रॅग्रन्स’ असेल तर ते वासाचं पाणी.

घरी तेल निघणार नाही, गुलाबजल निघेल. पातेल्यात पाकळ्या आणि पाकळ्या बुडतील इतकंच पाणी, मधोमध स्टँडवर वाटी, वर झाकण उलटं ठेवून त्यावर बर्फ, आच अगदी मंद. झाकणावरून वाटीत ठिबकतं ते घ्या, खालचं उकळलेलं लाल पाणी नको. फुलं वासाच्या गावठी गुलाबाची, बिनफवारणीची हवीत. तळेगावकडच्या पॉलिहाऊसचे लांब दांड्याचे गुलाब यासाठी कुचकामी. वास जवळजवळ नसतो, फवारणी मात्र भरपूर. बाटली उकळून कोरडी करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. अस्सल गुलाबातल्या जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल या वासाच्या घटकांनीही काहींना पुरळ येतं.