आधी विचार, गोळ्या किती झाडल्या?

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. काडतुसांच्या स्वतंत्र चाचण्यांचे आकडे पैसे भरून घ्यावेत, की तेवढ्याच पैशांत आणखी काही डबे आणून स्वतःच झाडून पाहावेत, असा तुझा पेच आहे. सोबतच्या नमुना अहवालातले आलेख देखणे आहेत, हे मान्य. पण त्यातली एकेक ओळ किती गोळ्यांवरून काढली आहे, हे तू लिहिलेले नाहीस, आणि मला वाटते, पाहिलेलेही नाहीस.

माझ्या खणात एक पिवळा पडलेला टार्गेटचा कागद आहे. पाच गोळ्यांची भोके मिळून एकच झाले आहे, कडा किंचित फाटलेली. त्या पाच गोळ्यांच्या भरवशावर मी अख्ख्या हंगामाची काडतुसे एकाच लॉटमधून, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेल्या मालातून, घेतली आणि शेजारच्या लॉटची एकच गोळी बाजूला गेली म्हणून तो नाकारला. पुढे स्पर्धेत दर दहा-बारा गोळ्यांमागे एखादी खाली उतरू लागली, तेव्हा मी श्वासाला, ट्रिगरला, वाऱ्याला, सगळ्यांना दोष दिला. हंगाम संपल्यावर रायफल शिकंज्यात आवळून त्याच डब्यांतल्या चाळीस गोळ्या झाडल्या, तर शिकंजाही तशाच गोळ्या खाली टाकत होता. तेव्हा कोणी स्वतंत्र आकडे देऊ केले असते, तरी मी ते घेतले नसते; माझी रायफल मलाच कळते, अशी माझी घमेंड होती. ती पूर्ण गेली आहे असे आजही म्हणवत नाही.

म्हणून पुन्हा विचारतो: गोळ्या किती? पाच गोळ्यांच्या वेगांवरून प्रमाणित विचलन, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो याचे माप, सेकंदाला ३ मीटर निघाले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरे विचलन १.८ ते ८.६ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. तीस गोळ्या झाडल्या की तीच कक्षा २.४ ते ४ इतकी आवळते. पहिल्या आकड्याला मी माहिती म्हणत नाही. ग्रुपच्या, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांच्या पुंजक्याच्या, रुंदीचेही तसेच आहे: गोळ्या वाढल्या की ग्रुप रुंदावतच जातो, त्यामुळे एकाचा पाच गोळ्यांचा ग्रुप दुसऱ्याच्या दहा गोळ्यांच्या ग्रुपशेजारी ठेवणाऱ्याला एक तर हिशेब येत नाही किंवा त्याला माल खपवायचा आहे.

तुझ्या रायफलीत जाणाऱ्या पॉइंट टू टू रिमफायर या लहान काडतुसाच्या गोळीचा वेग ३३० ऐवजी ३२० मीटर प्रति सेकंद निघाला, तर ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते, आणि तुझ्या टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. वेगाच्या आकड्यांसाठी पैसे मोजायचे ते यासाठी. मात्र प्रत्येक गोळीचा वेग सुटा छापलेला हवा, लॉट क्रमांक, नळीची लांबी आणि तापमान लिहिलेले हवे, काडतुसे बाजारातून विकत घेतलेली हवीत. उत्पादकाने निवडून पाठवलेल्या नमुन्यावर बेतलेल्या चाचणीला मी स्वतंत्र मानत नाही. नळीतला दाब मोजायला संवेदक बसवलेली खास चाचणी-नळी लागते. ते घरी करता येत नाही, करूही नये. तो आकडा मिळत असेल तर पैसे वाया गेले असे म्हणणार नाही.

पण तुझ्या नळीला कोणता लॉट मानवेल, हे कोणताही अहवाल सांगणार नाही. नाव तेच, डबा तोच, लॉट बदलला की गोळी वेगळी वागते, आणि अहवालातला लॉट बहुधा तुझ्या हाती येईपर्यंत संपलेला असतो. एली आणि लापुआ यांच्यासारखे उत्पादक आपल्या चाचणी रेंजवर नेमबाजाचीच रायफल पकडीत बसवून लॉट निवडू देतात. जमले तर तिथे जा. तिथेही दहा गोळ्यांचा सुंदर ग्रुप दाखवतील, तेव्हा न लाजता तसे आणखी चार ग्रुप मागायचे. हे मी शंभरदा सांगितले आहे, आणि तरी तू मला आलेख पाठवतेस!

मी अजूनही अशा अहवालांची वर्गणी भरत नाही, हे तुला ठाऊक आहे. माझा कागद मला पुरतो, असे मी लोकांना सांगतो. तू माझे अनुकरण करू नकोस. त्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत चाचणीची पद्धत छापलेली असेल. फक्त तेवढे पान मला पाठव.