जग बनवायच्या आधी देव काय करत होता?

प्रश्न: बायबल म्हणतं, आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. मग त्याआधी तो काय करत होता? विचारलं की लोक हसतात.

उत्तर: हसू द्या हो, हाच प्रश्न सेंट ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने इ.स. 400च्या सुमारास आपल्या 'कन्फेशन्स' या पुस्तकाच्या 11व्या भागात घेतलाय, आणि 'असलं खोदून विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता' हे कुणाचं तरी थट्टेचं उत्तर सांगून तो म्हणतो मी असं टोलवणार नाही, माहीत नाही तर नाही म्हणेन (हे मला भारी वाटतं). त्याच्या मते काळसुद्धा देवानेच निर्माण केला, त्यामुळे 'त्याआधी' असं काही नव्हतंच. पण खरी गंमत पुढे आहे, भूतकाळ गेला, भविष्य आलं नाही, मग काळ म्हणून आपण मोजतो काय? तर मनातली आठवण, लक्ष आणि अपेक्षा. पाठ असलेलं स्तोत्र म्हणून बघा, म्हणून झालेलं आठवणीत जातं, राहिलेलं अपेक्षेत असतं.