घाटरस्ता आणि मागच्या सीटवरची मुलं

प्रश्न : मुलगी 4 वर्षांची, मुलगा 10 महिन्यांचा. शनिवारी आमच्या गाडीनं महाबळेश्वरला जायचंय. मुलीला घाटात हमखास उलट्या होतात. बाळाला मी पुढे मांडीवर घेऊन बसणार. एवढ्यासाठी वेगळी सीट कशाला, असं घरचे म्हणतात. रस्ता पोलादपूरचा बरा की वाईचा? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी बाळाचं. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ, हे कृपा करून करू नका. ताशी 50 किलोमीटरला धडक बसली, तर 9 किलोचं बाळ दीड-दोनशे किलोच्या ओढीनं पुढे फेकलं जातं. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. त्यात एअरबॅग उघडते ती थेट त्याच्यावर. बाळाची सीट मागेच बसवायची आणि त्याचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवायचं. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली हवेत. गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. सीट घट्ट बसली का, हे पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहा. एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आहे, हे घरच्यांनाही सांगा.

आता रस्ता. पोलादपूरवरून अंतर कमी, पण पुढचा आंबेनळी घाट धरून महाबळेश्वरपर्यंत जवळपास 40 किलोमीटर वळणंच वळणं. उलटीचा त्रास असलेल्या मुलीसाठी वाईच बरं. बोरघाट आणि खंबाटकी रुंद आहेत. खरी वळणं सुरूर फाट्यानंतर, वाईपुढच्या पसरणी घाटात, तीही दहा-बारा किलोमीटरच. मात्र शनिवारी सकाळी बोरघाट तुंबतो. पहाटे साडेपाचला कळंबोली मागे पडलेली असावी.

उलटी होते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात म्हणून : आतल्या कानाला वळण कळतं, डोळ्यांपुढे मात्र मोबाईल किंवा पुढच्या सीटची पाठ स्थिर असते. म्हणून घाटात मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक बंद. तिची बालआसनाची सीट अशी बसवा, की समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल. मधल्या जागेला तीन टोकांचा पट्टा असेल, तर ती सर्वांत चांगली; फक्त कमरेचा असेल, तर नको. एसी आतलीच हवा फिरवत असेल, तर बाहेरची हवा घ्या. सुगंधी डबी घरीच काढून ठेवा; त्या वासानं निम्मी उलटी होते.

रिकाम्या पोटी नेलं की उलटी होणार नाही, हा गैरसमज आहे. घाटाच्या दीड तास आधी दोन इडल्या किंवा थोडा दहीभात पुरे. दूध, वडापाव, चिप्स नकोत. उलटीचं औषध द्यायचं ठरलं, तर वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून आधीच घ्या आणि ते घाटाच्या पाऊण-एक तास आधी, म्हणजे शिरवळच्या थांब्यावर द्या. उलटी सुरू झाल्यावर ते पोटात राहत नाही. बाळाला हे औषध अजिबात नाही.

हाताशी हवं : भोक नसलेल्या पाच-सहा पिशव्या, ओला रुमाल, प्रत्येकाचा एक जादा कपडा (आईचाही; तो हमखास राहतो) आणि ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्यात, लहान पुडी 200 मिलिलिटरमध्ये. पाणी कमी घालू नका. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. चालत्या गाडीत शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. ठसका लागला, तर मागे वळेपर्यंत उशीर होतो.

दर दोन तासांनी थांबा आणि बाळाला सीटमधून काढून आडवं करा. पाजायचं तेही गाडी उभी असतानाच.

प्रश्न : डब्याचं दूध घरीच करून थर्मासमध्ये नेलं तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. कोमट दुधात जंतू भराभर वाढतात. थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी न्या, पावडर मोजून कोरड्या डबीत घ्या. ऐनवेळी कालवा, बाटली थंड पाण्यात धरून गार करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेलं तासाभरात ओतून द्या, पुढच्या थांब्यासाठी ठेवू नका.