नऊ दिवसांच्या सुट्टीत कांग यात्से-२ होईल का? सॅक किती किलोची घ्यावी?

पन्हाळा-पावनखिंड भर पावसात सहज करतो, रंकाळ्याला रोज पळतो, मग लडाखचं शिखर नऊ दिवसांत का होणार नाही, असं विचारलंयस. नाही होणार, भावा. झालंच तर नशिबानं.

आमच्या ग्रुपमध्ये हा वाद जुनाच आहे. तालमीतले गडी म्हणतात, लेहमध्ये लोळत पडणं म्हणजे पैसे वाया, अंगात दम पाहिजे. कसला दम? कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा हजाराच्या आत. लेह ३५०० आणि हे शिखर ६२५०. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. वर गेलं की श्वास जोरात चालतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो, झोपेत तर जास्तच. ते अल्क मूत्रपिंडं हळूहळू बाहेर काढतात, त्याला दिवस जातात. जोर-बैठका मारून मूत्रपिंडं पळत नाहीत. उलट तगडा गडी पहिल्या दिवसापासून पुढं पळतो आणि बऱ्याचदा तोच आधी आडवा होतो.

३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा. म्हणजे लेहमध्ये तीन रात्री, मग वाटेवर एकेक मुक्काम: स्किऊ, मारखा, थाचुंगत्से, निमालिंग. मारखाच्या पुढच्या हांकर गावाहून थेट निमालिंग म्हणजे एका दिवसात ८०० मीटर, ते टाळ. निमालिंगला एक दिवस थांब, मग बेस कॅम्प, मध्यरात्री निघून शिखर, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे खिळे) धरत नाहीत. हवामानासाठी एक दिवस हातात ठेव, लेहला परतायला एक. लेहला उतरल्यापासून बारा दिवस झाले बघ.

डोकं दुखतंय तोवर वर सरकायचं नाही. कुणाची शंका आली तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लाव. झोकांड्या गेल्या तर मेंदूला सूज आलीय असं समज आणि रात्र असली तरी त्याला खाली उतरव, एकट्याला सोडू नकोस. बसल्या जागी धाप लागत असेल तरी तेच. 'सकाळी बघू' म्हणणारा माणूस ग्रुपमध्ये असतोच, त्याचं ऐकायचं नाही.

सॅकचं राहिलंच. घोडे केलेस तर पाठीवर सात-आठ किलो. सगळं स्वतः वाहणार असशील तर पंधराच्या वर जाऊ नकोस. सरावाला तेवढंच वजन घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढ, पळण्यापेक्षा ते कामाला येतं. डाळ-तांदूळ नेऊ नकोस, ५००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही. गॅसचा डबा विमानात चालत नाही, लेहमध्ये घे.

उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुळीच परस्पर नको. आणि शिखराचा परवाना आधी काढ.