शहाबादी फरशीवर ॲसिड टाकल्यावर फेस का येतो आणि फरशी का खराब होते?

बोअरच्या पाण्यामुळे न्हाणीघरातील शहाबादी फरशीवर साचलेला पांढरा थर आपण ॲसिड ओतून काढला, भरपूर फेस आला, थरही गेला, परंतु फरशी खरबरीत आणि निस्तेज झाली. असे का व्हावे, हा आपला प्रश्न आहे. तो थर आणि ती फरशी, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच बनलेले असतात, त्यामुळे थर खाणारे ॲसिड फरशीही खाते.

कर्नाटकातील कलबुर्गी भागातून येणारा शहाबादी दगड हा चुनखडक आहे. स्वयंपाकाच्या ओट्याला वापरतात तो काळा कडप्पा, कोटा फरशी आणि संगमरवर हेही त्याच कुळातले. सफाईसाठी सुटे मिळणारे ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यातील एक हायड्रोजन आयन कार्बोनेटला जोडला गेला की बायकार्बोनेट तयार होते, दुसरा जोडला गेला की कार्बोनिक आम्ल बनते, आणि त्याचे लगेच पाणी व कार्बन डायऑक्साइड असे विघटन होते. फेस म्हणजे हाच वायू. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण विरघळले तर ४४ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर वायू सुटतो. म्हणूनच दगडाचा अगदी पातळ पापुद्रा गेला तरी फेस एवढा दिसतो.

दगडाचे नुकसान वाढते ते मात्र मागे उरणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडमुळे. ते पाण्यात सहज विरघळत असल्याने दगडाचा ताजा पृष्ठभाग सतत उघडा पडत राहतो आणि आम्ल संपेपर्यंत क्रिया चालू राहते. सल्फ्युरिक आम्लाचे तसे होत नाही. त्यातून तयार होणारे कॅल्शियम सल्फेट फारच कमी विरघळते, ते दगडावर साय धरल्यासारखे बसते आणि खालच्या कार्बोनेटपर्यंत आम्ल पोहोचू देत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत संगमरवराच्या तुकड्यांपासून कार्बन डायऑक्साइड तयार करताना सल्फ्युरिक आम्ल टाळून हायड्रोक्लोरिक आम्ल घेतात, त्याचे कारण हेच. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'आम्ल अधिक कार्बोनेट' हे सूत्र पाठ असणाऱ्या विद्यार्थ्यालाही, तयार झालेला क्षार विरघळतो की नाही यावर सारी क्रिया अवलंबून असते, हे बहुधा सांगितलेले नसते.

आता त्या पांढऱ्या थराविषयी. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्याच्यामुळे खडकातील कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते आणि ते बोअरच्या पाण्याबरोबर घरात येते. फरशीवर पाणी सुकले की वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घट्ट बसते.

लिंबू किंवा व्हिनेगर वापरल्यास क्रिया सावकाश होते, कारण ती दुर्बल आम्ले आहेत. परंतु ती होतेच, आणि रात्रभर ठेवलेले लिंबू पॉलिश केलेल्या कडप्प्यावर कायमचा डाग पाडू शकते. त्यामुळे थर पातळ असताना साबणाचे पाणी आणि घासणी यांवरच भागवावे, आणि अंघोळीनंतर फरशी वायपरने कोरडी करावी, म्हणजे तो साचतच नाही. ॲसिड सांडलेच तर आधी भरपूर पाणी ओतावे आणि मग खाण्याचा सोडा टाकावा. तोही बायकार्बोनेटच असल्याने फेस येईल, आणि फेस थांबला की आम्ल संपले असे समजावे. गेलेली चकाकी मात्र रसायनाने परत येत नाही, त्यासाठी मिस्त्रीकडून फरशी घासून पुन्हा पॉलिश करून घ्यावी लागेल. आणि ॲसिड टाकलेल्या जागी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये, कारण त्यातून सुटणारा वायू कार्बन डायऑक्साइड नसून विषारी क्लोरीन असतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.