व्यक्तिमत्त्व चाचणीच्या निकालाचं काय करायचं?

निकालात ‘अंतर्मुख’ आलं म्हणून विक्रीचं काम सोडू नका. चार अक्षरांचा शिक्का (उदा. INTJ) देणाऱ्या चाचण्या माणसाला या नाहीतर त्या कप्प्यात टाकतात. बहुतेक जण मधे कुठेतरी असतात, त्यामुळे महिन्याभराने तीच चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. स्वभावाचे पाच घटक मोजणारी ‘बिग फाइव्ह’ चाचणी जास्त भरवशाची. त्यातली कर्तव्यदक्षता जवळपास सगळ्याच व्यवसायांत कामगिरीशी जोडलेली दिसते, हे बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१मध्ये दाखवलं. पण तो संबंध मध्यमच आहे. त्यावरून स्वतःचं भविष्य ठरवू नका.

मला विचाराल तर प्रेरणेकडे आधी बघा. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ प्रेरणेमागच्या तीन गरजा सांगतात: स्वायत्तता (स्वतः ठरवता येणं), सक्षमता (काम जमतंय असं वाटणं), आपलेपणा (माणसांशी जोडलेलं असणं). १४ दिवस रोज काम संपताच तीन ओळी लिहा: काय केलं, उत्साह १ ते ५मध्ये किती, कोणती गरज अडली. आठवड्याचं एकदम लिहिलंत तर शेवटचा दिवसच सगळ्यावर रंग चढवतो. स्वायत्तता अडत असेल तर कामांचा क्रम स्वतः ठरवायची मुभा मागा. सक्षमता अडत असेल तर काम पूर्ण व्हायची वाट न बघता अर्ध्यातच अभिप्राय घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.